एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५ : राष्ट्रपतींची निवडणूक मुलांना शिकवताना

राष्ट्रपतींची निवडणूक झाली की वर्गात एक प्रश्न हमखास येतो : "माझ्या आईबाबांनी राष्ट्रपतींना मत दिलं का?" या प्रश्नाला "नाही, ती अप्रत्यक्ष निवडणूक असते" असं उत्तर दिलं की मुलं मान डोलावतात आणि विषय तिथेच संपतो. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातही तो दोन-तीन ओळींत उरकलेला असतो. खरं तर आपल्या सगळ्या निवडणुकांमध्ये मुलांना सर्वांत जास्त रमवणारी निवडणूक हीच आहे. तिच्यात भागाकार आहे, दुसरी पसंती आहे, गुलाबी आणि हिरव्या मतपत्रिका आहेत, विमानाने जाणारी मतपेटी आहे.

पाचवी ते आठवीच्या मुलांना हा विषय शिकवताना माझी जी पद्धत बसत गेली, ती इथे सांगते. घरी दोन-चार मुलांना घेऊनही ती जमते. लागतात फक्त कोरे कागद, दोन रंगांचे कार्ड, एक साधा कॅल्क्युलेटर आणि वाटीभर चिंचोके. एकाच दिवशी सगळं उरकू नका. तीन बैठका लागतात, आणि मधल्या दिवसांत मुलं घरी जाऊन जे प्रश्न घेऊन येतात ते फार कामाचे असतात.

आधी शब्द वेगळे करा

टीव्हीवर अमेरिकेची निवडणूक पाहिलेल्या मुलांच्या डोक्यात 'प्रेसिडेंट' म्हणजे देश चालवणारा माणूस असं पक्कं बसलेलं असतं. इंग्रजीत दोघांना एकच शब्द आहे. मराठीत आपण अमेरिकेच्या पदाला 'राष्ट्राध्यक्ष' म्हणतो आणि आपल्या पदाला 'राष्ट्रपती'. या फरकाचा फायदा घ्या. फळ्यावर दोन रकाने करा. राष्ट्राध्यक्ष तिथलं सरकार स्वतः चालवतात. आपल्याकडे सरकार चालवतात पंतप्रधान आणि त्यांचं मंत्रिमंडळ. राष्ट्रपती घटनेनुसार देशाचे प्रमुख असतात, कायद्यांवर त्यांची सही लागते, तिन्ही सैन्यदलांचे ते सरसेनापती असतात, पण कारभार मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतो.

हे झालं की "मग आपण सगळे मत का देत नाही?" याचं उत्तर सांगता येतं, त्याआधी नाही. संविधान सभेतही हा वाद झाला होता. प्रा. के. टी. शहा यांचं म्हणणं होतं की राष्ट्रपती थेट लोकांनी निवडावा. जवाहरलाल नेहरूंनी त्याला विरोध केला. देशभरातल्या प्रौढ मतदारांनी थेट निवडून दिलेल्या माणसाला प्रत्यक्ष अधिकार मात्र द्यायचे नाहीत, हे विसंगत होईल, असा त्यांचा मुद्दा होता. मुलांना हे वर्गाच्या भाषेत सहज कळतं. मॉनिटर निवडायला सगळ्या शाळेचं मतदान घेतलं आणि मग त्याला सांगितलं की निर्णय दुसराच कोणी घेईल, तर तो ऐकेल का? इथे मुलांना वाद घालू द्या. के. टी. शहांच्या बाजूने बोलणारं मूल वर्गात असतंच, आणि त्याला गप्प बसवायचं काही कारण नाही.

मतदार कोण, हे नावं घेऊन सांगा

राज्यघटनेच्या ५४ व्या कलमानुसार राष्ट्रपतींना निवडतात ते संसदेच्या दोन्ही सभागृहांचे निवडून आलेले सदस्य आणि राज्यांच्या विधानसभांचे निवडून आलेले सदस्य. दिल्ली आणि पुदुच्चेरीच्या विधानसभाही यात येतात. या सगळ्यांना मिळून 'निर्वाचक गण' म्हणतात. हा शब्द मुलांच्या अंगावर लगेच टाकू नका. 'निवडून आलेले' हे दोन शब्द मात्र पुन्हा पुन्हा म्हणवून घ्या, कारण सगळी गंमत त्यातच आहे.

गंमत कशी, तर सचिन तेंडुलकर २०१२ ते २०१८ या काळात राज्यसभेचे खासदार होते. २०१७ मध्ये राष्ट्रपतींची निवडणूक झाली. त्यांना मत देता येत होतं का? मुलं एका सुरात "हो" म्हणतात. उत्तर आहे, नाही. ते राष्ट्रपतींनी नेमलेल्या बारा सदस्यांपैकी होते, निवडून आलेले नव्हते. त्याच वर्षीच्या उपराष्ट्रपतींच्या निवडणुकीत मात्र त्यांना मताचा अधिकार होता, कारण तिथे संसदेचे सगळे सदस्य मतदार असतात. एवढं एक उदाहरण दिलं की 'निवडून आलेले' हे शब्द मुलं विसरत नाहीत.

महाराष्ट्रातल्या मुलांसाठी आणखी एक गाठ सोडवावी लागते. आपल्याकडे विधानसभा आणि विधान परिषद अशी दोन सभागृहं आहेत आणि दोन्हीकडच्या सदस्यांना आपण 'आमदार'च म्हणतो. विधान परिषदेच्या आमदारांना या निवडणुकीत मत नसतं. एखाद्या राज्याचा मुख्यमंत्री विधान परिषदेचा सदस्य असेल, तर त्यालाही नाही. मुलांना घरचा अभ्यास द्या : आपल्या भागातले जे आमदार त्यांना माहीत आहेत, ते कोणत्या सभागृहाचे आहेत हे शोधून आणायचं. घरातल्या मोठ्यांनाही हे चटकन सांगता येत नाही, असा माझा अनुभव आहे. त्यामुळे संध्याकाळी जेवताना चर्चा होते, आणि तीच आपल्याला हवी असते.

दुसरी पसंती : सहलीचा खेळ

आकडेमोडीआधी हा खेळ घ्या. आठ वर्षांच्या मुलांनाही तो जमतो. त्याहून लहान मुलं असतील तर एवढ्यावरच थांबलात तरी चालेल.

सहलीला कुठे जायचं, याचं मतदान. तीन पर्याय : किल्ला, समुद्र, नदीकाठ. प्रत्येकाने चिठ्ठीवर सर्वांत आवडत्या जागेपुढे १, त्यानंतरच्या जागेपुढे २ आणि उरलेल्या जागेपुढे ३ लिहायचं. समजा २१ चिठ्ठ्या आल्या. पहिल्या पसंतीची मतं मोजली : किल्ला ९, समुद्र ८, नदीकाठ ४. मुलं किल्ल्याच्या नावाने ओरडायला लागतात. तिथे थांबवा. सांगा की जिंकायला अर्ध्याहून जास्त मतं लागतात. एकूण मतांना दोनने भागायचं, त्यात एक मिळवायचा, अपूर्णांक सोडून द्यायचा. २१ चे निम्मे १०.५, अधिक १ म्हणजे ११.५, म्हणून कोटा ११. तो कुणीच गाठलेला नाही.

आता सर्वांत कमी मतांची जागा, म्हणजे नदीकाठ, बाद करा. पण नदीकाठवाल्यांच्या चार चिठ्ठ्या फेकायच्या नाहीत. त्या उघडा आणि त्यांवर २ कुणापुढे आहे ते बघा. समजा तिघांनी समुद्र लिहिलाय, एकाने किल्ला. समुद्र ११, किल्ला १०. सहल समुद्रावर!

वर्गात कल्लोळ होतो. होऊ द्या. किल्लेवाले म्हणतात, आम्ही पहिले होतो. त्यांना विचारा : किल्ल्यापेक्षा समुद्र बरा असं वाटणारी मुलं किती होती? मोजा. अकरा. हे उत्तर आपण सांगायचं नाही, चिठ्ठ्या मुलांच्याच हातात द्यायच्या. प्रत्येक मताला एक चिंचोका ठेवला, तर नदीकाठच्या ढिगातले चिंचोके उचलून दुसऱ्या ढिगात जाताना दिसतात आणि 'एकल संक्रमणीय मत' हा पुस्तकातला जड शब्द डोळ्यांसमोर घडतो. मत एकच आहे, फक्त ते एका ढिगातून दुसऱ्या ढिगात जाऊ शकतं.

यानंतर १९६९ ची गोष्ट सांगा. राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचं मे महिन्यात पदावर असतानाच निधन झालं आणि ऑगस्टमध्ये निवडणूक झाली. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार होते नीलम संजीव रेड्डी. व्ही. व्ही. गिरी अपक्ष उभे होते आणि पंतप्रधान इंदिरा गांधींनी आपल्या पक्षाच्या लोकांना सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्यायला सांगितलं होतं. तिसरे उमेदवार होते चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणारे. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मतमूल्य मिळालं (प्रत्येक मताला एक ठरावीक वजन असतं, त्यांची ही बेरीज; ते वजन कसं ठरतं ते पुढच्या भागात). कोटा होता ४,१८,१६९. कुणीच तिथवर पोहोचलं नाही. मग एकेक उमेदवार बाद करत दुसऱ्या पसंतीची मतं वाटली गेली. शेवटी गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७. दुसऱ्या पसंतीपर्यंत जावं लागलेली आपल्या राष्ट्रपतींची ही एकमेव निवडणूक.

मुलांना आकड्यांची वजाबाकी करू द्या. देशमुखांच्या आणि इतरांच्या मतपत्रिकांतून गिरींना फार थोडं मिळालं, रेड्डींना खूप जास्त, तरी ते कमीच पडलं, हे त्यांचं त्यांना सापडतं. आणि रेड्डींचं पुढे काय झालं हेही सांगाच. १९७७ मध्ये ३७ जणांनी अर्ज भरले, ३६ जणांचे छाननीत बाद झाले, आणि नीलम संजीव रेड्डी बिनविरोध राष्ट्रपती झाले.

आता भागाकार

या लेखातला मला सर्वांत जवळचा भाग हा. इथे घाई करू नका.

"सगळ्या आमदारांच्या मताचं मूल्य सारखं नसतं" असं सांगितलं की मुलांना पहिल्यांदा तो अन्याय वाटतो. महाराष्ट्राच्या आमदाराचं मत १७५, गोव्याच्या आमदाराचं २०, सिक्कीमच्या आमदाराचं ७, उत्तर प्रदेशच्या आमदाराचं २०८. एका मुलाने मला विचारलं होतं, "गोव्याचे आमदार कमी हुशार असतात का?" प्रश्न अगदी योग्य होता. उत्तर फळ्यावर करून दाखवावं लागतं.

१९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ५,०४,१२,२३५ होती. विधानसभेच्या जागा २८८. लोकसंख्येला २८८ ने भागा : साधारण १,७५,०४२. म्हणजे एका आमदारामागे सुमारे पावणेदोन लाख माणसं. हा आकडा हाताळायला मोठा, म्हणून त्याला १००० ने भागायचं : १७५. गोव्याची तेव्हाची लोकसंख्या ७,९५,१२०, जागा ४०. एका आमदारामागे १९,८७८ माणसं. हजाराने भागल्यावर उरलेली बाकी ५०० किंवा त्याहून जास्त असेल तर एक वाढवायचा, म्हणून २०. सिक्कीम : २,०९,८४३ भागिले ३२, त्यातून येतात ७.

आता तो आकडा वाचायला शिकवा. १७५ म्हणजे त्या आमदाराच्या पाठीशी उभी असलेली १७५ हजार माणसं. मत आमदार देतो, पण त्याचं वजन ठरतं त्याच्यामागच्या माणसांवरून. हे कळलं की अन्यायाची तक्रार मिटते. उलट मुलंच म्हणतात की सगळ्यांना सारखं ठेवलं असतं तर महाराष्ट्राच्या माणसांवर अन्याय झाला असता. मग आईबाबांच्या प्रश्नाकडे परत या. त्यांनी मत दिलं नाही, पण १७५ मध्ये ते मोजलेले आहेत. मूल १९७१ नंतर जन्मलेल्या आईबाबांबद्दल विचारत असेल आणि चाणाक्ष असेल, तर इथे अडवेल : "पण तेव्हा तर ते नव्हतेच!"

बरोबर आहे, आणि याला नीट उत्तर द्या. आजही १९७१ चीच लोकसंख्या धरतात. लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या राज्यांचं वजन त्यामुळे कमी होऊ नये, म्हणून घटनादुरुस्ती करून तो आकडा गोठवला आहे, आणि २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत तोच चालणार आहे. हे योग्य की अयोग्य, यावर देशात मोठी माणसंही एकमेकांशी सहमत नाहीत, हेही मुलांपासून लपवू नका.

महाराष्ट्राचं एकूण : १७५ गुणिले २८८, म्हणजे ५०,४००. उत्तर प्रदेशच्या ८३,८२४ नंतर राज्यांमध्ये आपलाच क्रमांक.

खासदारांचं गणित याला जोडूनच येतं. सगळ्या आमदारांच्या मतमूल्याची बेरीज करायची आणि तिला निवडून आलेल्या खासदारांच्या संख्येने भागायचं. २०२२ मध्ये ती बेरीज ५,४३,२३१ होती आणि खासदार ७७६ : लोकसभेचे ५४३, राज्यसभेचे २३३. भागाकार ७००. मग ७७६ गुणिले ७०० करा : ५,४३,२००. मुलांना दोन्ही आकडे शेजारी लिहायला लावा. ५,४३,२३१ आणि ५,४३,२००. तराजूची दोन पारडी जवळजवळ समान. एका पारड्यात सगळी राज्यं, दुसऱ्यात संसद. राष्ट्रपती दोघांचे असावेत म्हणून हे मुद्दाम असं जुळवलेलं आहे. आधीच्या, २०१७ च्या निवडणुकीत खासदाराच्या मताचं मूल्य ७०८ होतं. २०२२ मध्ये जम्मू-काश्मीरला विधानसभा नव्हती, म्हणून बेरीज घटली आणि खासदाराचं मूल्यही उतरलं.

वर्गात प्रत्यक्ष निवडणूक

चोवीस मुलं असतील तर माझी वाटणी अशी. 'क' राज्याचे दहा आमदार, लोकसंख्या ७०,०००, म्हणजे प्रत्येकी मूल्य ७. 'ख' राज्याचे चार आमदार, लोकसंख्या १२,०००, म्हणजे मूल्य ३. आमदारांचं एकूण ७० अधिक १२, म्हणजे ८२. उरलेली दहा मुलं खासदार. ८२ भागिले १० म्हणजे ८.२, म्हणून प्रत्येकी ८. खासदारांचं एकूण ८०. सगळी मतं वैध ठरली तर बेरीज १६२, कोटा ८२. हे आकडे मुलांनाच काढू द्या, आपण फक्त लोकसंख्या सांगायची.

उमेदवार तीन हवेत, दोन नकोत. दोन उमेदवारांत दुसऱ्या पसंतीची वेळच येत नाही. खऱ्या पक्षांची, खऱ्या नेत्यांची नावं अजिबात घेऊ नका. घरातलं राजकारण वर्गात आलं की मुलं गणित सोडून बाजू घेतात. मी झाडांना उभं करते : वड, आंबा, पिंपळ. प्रत्येक झाडाची बाजू एका मुलाने मांडायची.

खासदारांना हिरवी मतपत्रिका, आमदारांना गुलाबी. खऱ्या निवडणुकीत असंच असतं. पेन एकच, जांभळ्या शाईचं, मतदानाच्या टेबलावर ठेवलेलं. स्वतःच्या कंपासातलं पेन वापरायचं नाही. खऱ्या मतदानातही आयोगाने दिलेल्याच पेनने लिहावं लागतं, म्हणजे शाईवरून मत कुणाचं हे ओळखता येत नाही. मतदान यंत्र इथे नसतं, पसंतीचे आकडे हाताने लिहावे लागतात. मतपत्रिकेवर पक्षाचं चिन्ह नसतं, 'नोटा' नसतो. पक्षाला आपल्या आमदार-खासदारांवर व्हिप, म्हणजे अमुकालाच मत द्या असा आदेश, काढता येत नाही. मतदान गुप्त असतं. २००७ मध्ये प्रतिभाताई पाटील उभ्या होत्या तेव्हा शिवसेना भाजपच्या आघाडीत असूनही तिने प्रतिभाताईंना पाठिंबा दिला होता, हे उदाहरण मराठी मुलांना लगेच पटतं. त्या देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या.

मत बाद कधी होतं, हे मतदानाआधी सांगा आणि मग एकही सूचना पुन्हा देऊ नका. १ हा आकडा लिहिलाच पाहिजे, पुढच्या पसंती नाही लिहिल्या तरी चालतं. आकडा देवनागरीत चालेल, रोमन चालेल, पण 'एक' असं अक्षरात लिहिलं तर मत बाद. दोघांपुढे १ लिहिलं तर बाद. बरोबरची खूण केली तर बाद. दर वेळी दोन-तीन मुलांची मतं बाद होतात आणि त्यांचे चेहरे पडतात. तेव्हा त्यांना सांगा की २०२२ मध्ये ५३ मतं बाद झाली होती, आणि ते मतदार सगळे आमदार-खासदार होते.

बाद मतांचं मूल्य वजा झालं की कोटा बदलतो, तो पुन्हा काढा. मग मोजणी. इथे मुलं एक चूक नेहमी करतात, मतपत्रिका मोजतात आणि मूल्य विसरतात. त्यासाठी वर्तमानपत्रातली आकडेवारी वाचायला द्या. २०२२ मध्ये द्रौपदी मुर्मू यांना २,८२४ मतं मिळाली, यशवंत सिन्हा यांना १,८७७. मूल्य मात्र अनुक्रमे ६,७६,८०३ आणि ३,८०,१७७. दोन्हींची बेरीज करून कोटा काढा : ५,२८,४९१. मुर्मू पहिल्याच पसंतीत त्याच्या कितीतरी पुढे होत्या.

मतपेटी तयार करायला एखाद्या मुलाला नेमा आणि त्याला ही हकीगत सांगा. आमदार आपापल्या राज्याच्या राजधानीत मत देतात आणि पेट्या मोजणीसाठी दिल्लीला जातात. २०२२ मध्ये या पेट्यांसाठी विमानाचं स्वतंत्र तिकीट काढलं होतं, 'मिस्टर बॅलट बॉक्स' या नावाने, अधिकाऱ्याच्या शेजारची जागा. आमच्या वर्गातली खोक्याची पेटी तेव्हापासून बाकावर बसूनच प्रवास करते.

अर्ज भरणं शेवटी

उमेदवाराच्या अटी मी सर्वांत शेवटी घेते, कारण सुरुवातीला त्या नुसती यादी वाटतात. भारताचा नागरिक, वय ३५ पूर्ण, लोकसभेवर निवडून येण्याची पात्रता, सरकारी लाभाचं पद नको. १५,००० रुपये अनामत. ५० सूचक आणि ५० अनुमोदक, तेही या निवडणुकीचे मतदार असलेले. म्हणजे आमदार किंवा खासदार.

मग प्रत्येकाला आपलं वर्ष काढायला सांगते. २०१५ मध्ये जन्मलेलं मूल २०५० मध्ये ३५ वर्षांचं होईल. निवडणुका ठरल्या वेळी होत राहिल्या तर २०२७, २०३२, २०३७, २०४२, २०४७ आणि मग २०५२. त्याचा पहिला अर्ज २०५२ चा. मागे एका मुलीने हा हिशेब झाल्यावर वहीच्या शेवटच्या पानावर १ ते १०० आकडे घातले आणि सूचक-अनुमोदकांची यादी करायला घेतली. पहिलं नाव तिने बाकावरच्या मैत्रिणीचं लिहिलं. मैत्रीण म्हणाली, मी तर आमदार नाही. तर ही तिला म्हणाली, "मग तू आधी विधानसभेला उभी राहा. परिषदेला नको, तिथे मत नसतं."